फळाची नोंद

बरं करण्यासाठी, नीट विचार करून, सगळे नियम पाळून केलेल्या कामातून वीस वर्षांनी अपाय झाला, तर तो कोणाच्या कर्माचा म्हणायचा? ज्याने केलं त्याच्या, की ज्याच्या अंगावर आला त्याच्या? मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावरच असतो. पेशंटला किरणं द्यायची की नाही आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. ती कोणत्या बाजूंनी, किती वेळ, कशी दिली म्हणजे गाठीला पुरी मिळतील आणि शेजारच्या निरोगी भागाला कमीत कमी, हे गणित माझं. ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात शिकले आणि तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातल्या एका हॉस्पिटलात हेच करते आहे. प्रत्येक कागदावर डॉक्टरांच्या सहीखाली माझी सही असते.

गेल्या वर्षी विट्याकडची एक मुलगी आईला घेऊन आमच्या विभागात आली. मी मुलगी म्हणते, पण ती २९ वर्षांची आहे आणि एका पतसंस्थेत कॅशिअर आहे. २००३ साली, आठ वर्षांची असताना, तिला क्रॅनिओफॅरिंजिओमा झाला होता. ही गाठ कॅन्सरची नव्हे, ती दुसरीकडे पसरत नाही. पण ती येते मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या वर, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागी. ऑपरेशनमध्ये बरीचशी निघाली, थोडी चिकटून राहिली. ती वाढती तर आधी नजर गेली असती. म्हणून किरणांचा शेक द्यायचा ठरला. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात तमिळनाडूत होते, ते दुकान सोडून सहा आठवडे इथे येऊन राहिले. शेक झाला, गाठ पुन्हा वाढली नाही. मुलगी बी.कॉम. झाली, नोकरीला लागली. थायरॉइडची आणि स्टिरॉइडची गोळी तिला कायमची आहे, आणि दोन्ही ती न चुकता घेते.

मग एका बाजाराच्या दिवशी, पाचशेच्या नोटांचं बंडल मोजताना, तिच्या उजव्या हाताची बोटं एकाएकी बधिर झाली आणि नोटा काउंटरवर सांडल्या. समोरच्या माणसाला ‘थांबा’ म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्दच फुटेना. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तिने पुन्हा पहिल्यापासून नोटा मोजल्या आणि हिशेब जुळवूनच घरी गेली. एमआरआय आणि अँजिओग्राफीत कळलं की मानेतून मेंदूकडे जाणारी डावी मोठी धमनी कवटीत शिरल्यावर जिथे दुभागते तिथे अरुंद झाली आहे, आणि आजूबाजूला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं उठलं आहे. अँजिओग्राममध्ये असं जाळं धुरासारखं दिसतं. १९६९ साली सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी त्याला मोयामोया हे नाव दिलं. त्यांचे पेशंट वेगळे होते, पण लहानपणी मेंदूच्या तळाला किरणं मिळाली असतील तर तेच चित्र काही वर्षांनी तयार होऊ शकतं. न्यूरॉलॉजिस्टनी तिला विचारलं, लहानपणी डोक्याला रेडिएशन झालं होतं का? किती? नेमकं कुठे? ते विचारायला ती आमच्याकडे आली होती.

फाइल सापडली. सिम्युलेटरची एक्स-रे फिल्म, तिच्यावर मेणपेन्सिलीने आखलेला चौकोन, सोल्डरच्या तारेने डोक्याचा घेर घेऊन ट्रेसिंग पेपरवर उतरवलेला आकार, आणि त्यावर माझ्या हाताने काढलेल्या समडोसाच्या रेषा. एकूण ५४ ग्रे, ३० भागांत, रोज १.८, आठवड्याचे पाच दिवस, कोबाल्ट मशीन. दोन्ही कानशिलांकडून एकेक फील्ड आणि समोरून तिसरं. मी ते गणित त्या दोघींसमोर पुन्हा केलं. बरोबर होतं.

आई म्हणाली, “असू द्या ताई. तिचे भोग आहेत. तुम्ही तरी काय करणार?”

मुलगी म्हणाली, “मॅडम, असं होऊ शकतं हे तेव्हा माहीत होतं का?”

“होतं,” मी म्हटलं.

हे ‘होतं’ म्हणजे काय, ते आधी नीट सांगायला हवं. आमच्याकडचे पेशंट त्याला शेक म्हणतात, पण त्यात ऊब नसते. एक ग्रे म्हणजे एक किलो वजनात एक ज्यूल ऊर्जा. सहा आठवड्यांचे ५४ ग्रे एका क्षणात दिले असते तरी तो भाग जेमतेम ०.०१३ अंशाने तापला असता. कोमट पाण्याच्या एका घोटात याहून जास्त ऊब असते. इतकीशी ऊर्जा एवढं काम करते, कारण ती पेशीच्या वर्मावर बसते. पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून निघालेले कण डीएनएचे धागे तोडतात. एक धागा तुटला तर पेशी तो जोडून घेते. दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटले तर जोड चुकू शकतो, आणि तसल्या चुकलेल्या जोडासकट विभागायला गेलेली पेशी मरते. भराभर विभागणाऱ्या पेशी म्हणूनच आधी मरतात.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकेरी थर असतो. पितळेच्या पातेल्याला कल्हई असते तसा. तो शाबूत आहे तोवर आतलं रक्त आणि बाहेरची भिंत एकमेकांना बाधत नाहीत. या पेशी सावकाश विभागतात, त्यामुळे त्यांना झालेली इजाही सावकाश उघडी पडते. मेंदूत याच थराच्या घट्ट सांध्यांमुळे रक्तातलं निवडक तेवढंच आत जातं. शेक चालू असताना हे सांधे सैल होतात, सूज येते, डोकं दुखतं, उलट्या होतात. डेक्सामेथासोन दिलं की उतरतं. काही मुलं शेक संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी दिवसदिवस नुसती झोपून राहतात, तेही आपोआप जातं. आईवडील म्हणतात, सुटलो. आणि त्यानंतर, सहा महिन्यांपासून पुढे कितीही वर्षं, आत काम चालूच राहतं. बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि निबर होतात. केशवाहिन्या विरळ होतात. काही ठिकाणी त्या फुगून पातळ होतात, रक्त झिरपतं, आणि एमआरआयच्या एका खास तपासणीत त्याची काळी टिंबं दिसतात. मोठ्या धमन्यांचा आतला थर दाटतो, चरबी वेळेआधी बसते, वाट बारीक होते. काही पेशंटांत रक्तपुरवठा तुटलेल्या जागेचा मेलेला गोळा होतो आणि तो फोटोत हुबेहूब परत आलेल्या गाठीसारखा दिसतो. बरा करणारा उपाय आणि मूळ रोग यांच्यात फरक करायला डॉक्टरांनासुद्धा कधीकधी महिनोन्‌महिने लागतात.

हे सगळं कमी व्हावं म्हणूनच आम्ही डोस तोडून देतो. दोन डोसांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात, गाठीतल्या पेशींना ती तितकीशी जमत नाही. रोजचा वाटा जितका लहान, तितका उशिरा येणारा अपाय कमी. माझ्या शास्त्रातली ही मला सगळ्यात दयाळू गोष्ट वाटते, की उपचाराच्या आराखड्यात रात्र धरलेली आहे. पण डागडुजी पुरी होत नाही. रोज थोडं राहून जातं आणि ते साठतं. शिवाय तिच्या गाठीच्या दोन्ही अंगांना, काही मिलिमीटरवर, मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या होत्या. गाठीला ५४ ग्रे द्यायचे तर त्यांनाही तेवढे मिळणारच. आज आमच्याकडे लिनॅक आहे, खारघरला टाटा मेमोरियलचं प्रोटॉन केंद्र सुरू झालं आहे. या मशीनांवर कानशिलामागचा मेंदू पुष्कळ वाचतो. ती धमनी मात्र वाचत नाही, कारण ती गाठीला लागून आहे. म्हणजे हे यंत्र जुनं होतं म्हणून झालं असं म्हणूनही सुटका नाही.

आता आईच्या शब्दाकडे येते. ‘भोग’ म्हणताना तिच्या पाठीशी मोठा विचार उभा आहे आणि तो अडाण्यांचा विचार नव्हे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण अशी कर्माची वाटणी करून वेदान्त्यांनी प्रारब्धाला सुटलेल्या बाणाचा दृष्टान्त दिला. भात्यातले बाण टाकून देता येतात, हातात घेतलेला परत ठेवता येतो, सुटलेला मात्र लागल्याशिवाय राहत नाही. २००३ साली सुटलेला बाण वीस वर्षांनी लागला. हे इतकं चपखल बसतं की तिथेच थांबावंसं वाटतं. पण त्या दृष्टान्तात बाण सोडणारा आणि फळ भोगणारा एकच असतो. इथे सोडणारी मी आहे.

कर्मविचार मांडणाऱ्यांना दोन दोष टाळायचे होते: कृतहानी आणि अकृताभ्यागम. केलेल्याचं फळ न मिळणं हा एक, न केलेल्याचं फळ येऊन पडणं हा दुसरा. जगात तर हे दोन्ही रोज दिसतात. सज्जन कुढत मरतो, लबाड मजेत जगतो, तान्ह्या मुलाला दुखणं येतं. मग या न जुळणाऱ्या हिशेबासाठी मागचे आणि पुढचे जन्म जमेस धरले गेले. पूर्वजन्म नाहीच, असं मी म्हणत नाही. आमच्या घराण्यात वारी आहे, मी एकादशी करते, आणि न दिसणाऱ्या गोष्टींना नाही म्हणायची मला घाई नाही. माझं म्हणणं एवढंच, की या मुलीच्या बाबतीत तिथवर जायची गरजच पडत नाही. कर्म याच जन्मातलं आहे. ते तारीखवार लिहिलेलं आहे आणि अक्षर माझं आहे. ज्या कर्माचा कागद हातात आहे त्याच्या फळासाठी अदृश्य जन्माकडे बोट दाखवलं, तर आठ वर्षांच्या एका पोरीवर तिने न केलेल्या पापाचा आळ येतो. धमनी अरुंद झाली तेवढं पुरे आहे. वर हा आळ कशाला?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. आजोबांच्या ज्ञानेश्वरीच्या पारायणात लहानपणी ही नावं कानांवरून गेली होती. मला ती समजली ट्रीटमेंट रूममध्ये. अधिष्ठान म्हणजे टेबलावर निजवलेला देह. डोकं हलू नये म्हणून त्याचा मास्क करायचा असतो. जाळीचा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात सोडला की मऊ पडतो. तो पुसून, जरा निववून, मुलाच्या चेहऱ्यावर दोघांनी दोन बाजूंनी ओढून बसवायचा, नाकाचा शेंडा, कपाळ, हनुवटी दाबून घ्यायची, आणि तो कडक होईपर्यंत मुलाशी बोलत राहायचं, कारण त्याला उत्तर देता येत नाही. या मुलीने आमच्या खुणांच्या मधोमध कपाळावर स्केचपेनने टिकली काढून मागितली होती आणि रोज मास्क चढवायच्या आधी ती पुसली तर गेली नाही ना हे बघायची. करण म्हणजे कोबाल्ट. त्याचं अर्धआयुष्य ५.२७ वर्षांचं. दर महिन्याला तो साधारण एका टक्क्याने क्षीण होतो, म्हणून दर महिन्याला मशीन चालवायची वेळ तेवढी वाढवायची. तिच्या कार्डावर महिना बदलला तिथे वेळ बदललेली आहे. हालचाली म्हणजे आमची सगळ्यांची धावपळ. कर्ता एक नाही, पण मी त्यात आहे.

आणि दैव? अमेरिका आणि कॅनडातल्या, बालपणी कॅन्सरमधून वाचलेल्या हजारो लोकांचा एक मोठा अभ्यास १९९४ पासून चालू आहे. त्यात मेंदूला ५० ग्रे किंवा अधिक मिळालेल्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण निदानानंतर १० वर्षांत शंभरात सुमारे १ होतं, आणि ३० वर्षांत शंभरात १२. हे बारा कोण, हे आगाऊ सांगायला माझ्याकडे कुठलंही गणित नाही. त्याच डोसात, त्याच मशीनवर, त्याच वर्षी शेक घेतलेला दुसरा मुलगा आज ट्रक चालवतो आणि त्याला काही झालेलं नाही. ही का आणि तो का नाही, या जागेपुरतं दैव मला मान्य आहे. पण गीतेने ते पाचवं ठेवलं आहे. पहिली चार कारणं नावानिशी सांगून झाल्यावरच पाचव्याकडे वळायचं, असा मी त्याचा अर्थ घेते. आपण बहुतेक वेळा पाचव्यापासून सुरुवात करतो.

त्याच अध्यायात पुढे असंही येतं की ज्याच्या ठिकाणी ‘मी करतो’ हा भाव नाही, त्याने मारलं तरी त्याला ते बांधत नाही. ज्ञान्यासाठी ते सांगितलं असेल. हॉस्पिटलात ते फार सोईचं पडतं. प्रोटोकॉल ठरलेला होता, डॉक्टरांनी लिहून दिलं, मी आखलं, टेक्नॉलॉजिस्टने बटण दाबलं, वडिलांनी सही केली. कर्तेपण इतक्या हातांत वाटलं जातं की कुणाच्याच हाती उरत नाही. त्याला निरहंकार म्हणणं मला पटत नाही. ते कर्म बेवारस सोडणं आहे.

आमचे एक टेक्नॉलॉजिस्ट सांगलीकडचे जैन आहेत. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, बेसावधपणाला, मध्ये ठेवलं आहे. सावध राहूनही जीव दुखावला तर त्याचा बंध तसा नाही. त्या हिशेबाने आमच्याकडून हिंसा झालेली नाही. सावधपणात आम्ही कसूर केली नव्हती. तरी चातुर्मासात ते रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसतात, आणि चालताना नकळत पायाखाली आलेल्या जिवांचीसुद्धा क्षमा मागतात. मी त्यांना विचारलं, दोषच नाही तर क्षमा कशाची मागता? ते म्हणाले, “मॅडम, जीव तर दुखावला ना.”

मला मोठमोठ्या भाष्यांत जे सापडलं नव्हतं ते इथे मिळालं. दोष नाही, आणि इजा आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. आपला कायदा, आपली भांडणं, आपलं सांत्वन, सगळं असं चालतं की दोष सापडला तरच इजेची दखल घ्यायची. दोष नसला की फाइल बंद, आणि उरलेलं पेशंटच्या नशिबाच्या खात्यावर. वैद्यकातल्या बहुतेक इजा या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पडलेल्या असतात.

आता फलत्याग. फळाची आशा धरू नकोस, हे आपल्याकडे शाळेपासून सांगतात, आणि त्याचा अर्थ हळूहळू ‘फळाकडे बघू नकोस’ असा होऊन बसला आहे. आपलं काम केलं, पुढचं देवावर. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची जोड हवी हा विचार आहे, म्हणजे हाताने जे चाललं आहे त्यात मनही ओतलेलं हवं. माझ्या कामात हे मन कुठपर्यंत ओतायचं? तिसाव्या दिवशी मास्क काढून ठेवेपर्यंत? मला वाटतं, फळ येईपर्यंत. आणि किरणांचं फळ वीस-तीस वर्षांनी येतं.

आसक्ती सोडणं आणि फळाकडे बघणं यांत विरोध तर नाहीच, उलट आसक्त माणसालाच फळ नीट दिसत नाही, असं मी अनुभवाने म्हणते. याचं मोठं उदाहरण मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचं आहे. १९६२ साली अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड हॉस्पिटल सुरू झालं. ख्रिस्ती परंपरेत संत ज्यूड हा सगळ्या उपायांनी हरलेल्यांचा कैवारी. तेव्हा हा रोग झालेलं जवळजवळ प्रत्येक मूल जात असे. औषधांनी रक्त साफ व्हायचं, पण मेंदूच्या आवरणात, औषध पोचत नाही तिथे, रोग दडून बसायचा आणि परत यायचा. डॉ. डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीला मुलांच्या डोक्याला २४ ग्रे किरणं आणि पाठीच्या कण्यातून औषध देणं सुरू केलं, आणि सुमारे निम्मी मुलं बरी झाली. हा चमत्कार होता, आणि खराखुरा होता. कोणीही तिथे हात जोडून थांबलं असतं.

पण ते मुलांना बघत राहिले. मुलं मोठी झाली तशी शाळेत मागे पडताना दिसली. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती कॅल्शियम साठलेलं दिसलं, कुणाला पक्षाघात, कुणाला नवीनच गाठ. मग २४ चे १८ ग्रे झाले. मग बऱ्याच मुलांना किरणांऐवजी फक्त कण्यातून औषध देऊन पाहिलं. २००० ते २००७ च्या दरम्यान त्याच हॉस्पिटलाने हा शेक सगळ्याच मुलांचा बंद करून पाहिला, आणि पाच वर्षांनी शंभरातली नव्वदहून अधिक मुलं जिवंत होती. ज्या उपायाने कीर्ती मिळाली तो आपल्याच हाताने उतरवत आणणं, यापेक्षा मोठा फलत्याग मला माहीत नाही. यशाला चिकटलेल्या माणसाने शाळेत मागे पडणाऱ्या मुलाकडे बघितलंच नसतं.

आपल्याकडेही हे झालं आहे. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये २००१ ते २०१२ या काळात, या मुलीसारख्याच सावकाश वाढणाऱ्या गाठी असलेल्या ३ ते २५ वयाच्या २०० पेशंटांना ५४ ग्रे दोन पद्धतींनी दिले, साधारण निम्म्यांना जुन्या आणि बाकीच्यांना अधिक नेमक्या, आणि पाच वर्षं त्यांची बुद्धी आणि हार्मोन मोजत राहिले. नेमक्या पद्धतीने किरणं दिलेली मुलं दोन्हींत सरस निघाली. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं आणि जगभर वाचलं गेलं. ज्या वर्षी मी ट्रेसिंग पेपरवर रेषा काढत होते त्याच वर्षी तिथे हे मोजणं चालू होतं. चिकाटीने मोजत बसणाऱ्यांबद्दल मला वाटणारा आदर भक्तीच्या फार दूर नाही.

आमच्यासारख्या ठिकाणी मात्र पाच वर्षं गाठ परत आली नाही की पेशंटच्या नावापुढे ‘बरा’ लिहिलं जातं आणि तो वहीतून जातो. १० वर्षांत शंभरात एक आणि ३० वर्षांत बारा, हे आकडे इथे पुन्हा वाचून पाहावेत. आमची वही मिटते तेव्हा फळ धरलेलंही नसतं.

मुलीने मला आणखी एक विचारलं. “बाबांनी सही केली. मला कोणी विचारलं होतं का?” मी म्हटलं, नाही. आठ वर्षांच्या मुलाला विचारून उपयोग नव्हता, आणि आज जी विचारते आहे ती तेव्हा नव्हतीच. बापाने जिच्यासाठी सही केली तिला त्याने पाहिलेलं नव्हतं. ही अडचण कुठल्याही नियमाने मिटणार नाही. मूल वाढवणं म्हणजेच अजून न आलेल्या माणसाच्या वतीने हो-नाही म्हणत राहणं. त्यावर ती म्हणाली, “मीसुद्धा हो म्हटलं असतं. डोळे गेले असते की. पण मोठी झाल्यावर कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. चार वर्षांपूर्वी माझं बीपी वाढलेलं निघालं. मी गोळी कधी घेतली, कधी नाही. मला वाटलं, या वयात कसलं बीपी.”

किरणं मिळालेल्या मेंदूत बीपीने पक्षाघाताचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. हे अमेरिका-कॅनडाच्या त्याच मोठ्या अभ्यासातून कळलं आहे. धमनीवरचे ५४ ग्रे पुसता येत नाहीत, पण बीपी, साखर, चरबी, तंबाखू यांचं काहीतरी करता येतं. म्हणजे सुटलेल्या बाणाबद्दलही करण्यासारखं होतं, फक्त तो सुटला आहे हे तिला माहीत हवं होतं. प्रारब्धाचा सिद्धान्त मला इथे अपुरा वाटतो. क्रियमाण प्रारब्धाच्या आत शिरू शकतं, आणि त्यासाठी लागते ती माहिती, जी आमच्या कपाटात पडून होती.

आता ती अ‍ॅस्पिरिन घेते, बीपीची गोळी रोज घेते, आणि कानशिलावरची धमनी मेंदूवरच्या धमनीला जोडायचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, याबद्दल न्यूरोसर्जनशी बोलणी चालू आहेत. आई अजून भोगच म्हणते. तिच्या बोलण्यात मला दोष न देण्याची माया आहे, हे मला कळतं. ती माया मी घेते. तिचा निष्कर्ष घेत नाही.

जुन्या फाइली रद्दीत काढायचा ठराव आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो, आणि मी दर वेळी उभी राहून विरोध करते. शिवाय शेक संपलेल्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना आता मी मराठीत एक कागद देते. एकूण किती ग्रे, किती भागांत, कोणत्या बाजूंनी. कोणत्या धमन्या त्या वाटेत आल्या. बीपी दर वर्षी बघा. तंबाखू नको, मिश्री नको. हात बधिर झाला, बोलणं अडलं, तर ते पाच मिनिटांत थांबलं तरी त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा आणि हा कागद दाखवा. खाली लिहिलेलं असतं: मूल १८ वर्षांचं झालं की हा कागद त्याच्या हातात द्या.

जतच्या एका बापाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, “ताई, हे वाचून पोरगं भिणार नाही का?”

मी म्हटलं, “भिईल. तेव्हा त्याला माझ्याकडे घेऊन या. मी नसले तर माझ्या जागी जो असेल त्याच्याकडे. काय केलं होतं आणि का, ते त्याला नीट सांगायला कोणीतरी असेल, एवढं मी बघते.”